इंग्रजीत हायफन कुठं द्यायचा, कुठं नाही: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, शिवाय कारवार-बिदरकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथं एकत्र केलेत. आपल्याकडं घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि दोन्ही राज्यांत चालेल असा कागद करायचा म्हटलं की इंग्रजी, मग तो नोकरीचा अर्ज असो, सोसायटीचं लेटरहेड असो नाहीतर दुकानाचा बोर्ड. म्हणून हे नीट जमायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. खाली इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेत, पण हायफन, मधली जागा किंवा जोडून लिहिणं जसं इंग्रजीत असतं तसंच ठेवलंय, त्यामुळं उदाहरणं वाचताना तिकडं लक्ष द्या.

1. हायफन नाही दिला तर बिघडतं काय? वाचणाऱ्याला कळतंच की.

पुष्कळदा कळतं, पण काही वेळा भलतंच कळतं. "डर्टी वॉटर टँक" असं लिहिलं तर टाकी घाण आहे की टाकीत घाण पाणी साठवतात, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. "डर्टी-वॉटर टँक" लिहिलं की संपलं, सांडपाण्याची टाकी. तसंच "ओल्ड-कॉइन कलेक्टर" म्हणजे जुनी नाणी जमवणारा, आणि हायफन काढला की तो माणूसच म्हातारा वाटू शकतो. शेजारच्या दोन शब्दांचं आधी आपसात जमतं आणि मग ते दोघं मिळून पुढच्या नामाबद्दल काहीतरी सांगतात, एवढं दाखवायला हायफन असतो. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात, त्यामुळं नियम आठवला नाही तर "हायफन नसला तर कोण फसेल का" हा प्रश्न स्वतःला विचारा, बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं.

2. "वेल-नोन" कधी हायफन देऊन दिसतो, कधी न देता. नक्की बरोबर कुठलं?

दोन्ही बरोबर, जागा बघायची. नामाच्या आधी आला तर हायफन: "अ वेल-नोन डॉक्टर". नामाच्या नंतर, वाक्याच्या शेवटाकडं आला तर नको: "द डॉक्टर इज वेल नोन". "अप-टू-डेट रेकॉर्ड" पण "द रेकॉर्ड इज अप टू डेट". सोसायटीवाले हमखास विचारतात ते "लाँग-टर्म लोन", इथं हायफन पाहिजे, पण "इन द लाँग टर्म" म्हटलं की नको, कारण तिथं "टर्म" हेच नाम आणि "लाँग" त्याचं साधं विशेषण.

यात एक अपवाद आहे. काही विशेषणं डिक्शनरीतच कायमची हायफन घेऊन बसलेली असतात, ती वाक्यात कुठंही गेली तरी हायफन सोडत नाहीत: "ओल्ड-फॅशन्ड", "लेफ्ट-हँडेड", "बॅड-टेम्पर्ड". "माय अंकल इज लेफ्ट-हँडेड" असंच लिहायचं. अशी सगळी पाठ करत बसू नका, शंका आली की डिक्शनरी बघा.

3. मग नामाच्या आधी दोन शब्द आले की दरवेळी हायफन टाकायचा का? "इन्कम-टॅक्स ऑफिसर" असं?

नाही. जे दोन शब्द एकत्र वाचायची सगळ्यांना सवय झालीय तिथं हायफनची गरज पडत नाही: "इन्कम टॅक्स ऑफिसर", "क्रेडिट कार्ड बिल", "रिअल इस्टेट एजंट". इथं "टॅक्स ऑफिसर, जो इन्कम आहे" असा उलटा अर्थ कोणी काढणारच नाही.

विशेषनामांनाही नको, मोठी अक्षरं असली की ते शब्द एक गट आहेत हे दिसतंच: "सुप्रीम कोर्ट जज", "साउथ वेस्टर्न रेल्वे एम्प्लॉयी". सीमावादावरचा 1967 चा तो "महाजन कमिशन रिपोर्ट" पण असाच, हायफनशिवाय.

"द देन चीफ मिनिस्टर" हे पण बरेच जण विचारतात, तत्कालीन मुख्यमंत्री या अर्थानं, तिथं "देन" नंतर हायफन देऊ नका.

4. आमचं मिठाईचं दुकान आहे. बोर्डावर "फ्रेशली-मेड कुंदा" लिहायचं की "फ्रेशली मेड कुंदा"?

"फ्रेशली मेड कुंदा", हायफन नको. ज्या क्रियाविशेषणाच्या शेवटी एल-वाय येतं, "फ्रेशली", "हायली", "न्यूली", "बॅडली", ते पुढच्या शब्दाबद्दलच बोलतं हे त्या शेपटीवरूनच कळतं. म्हणून "हायली क्वालिफाइड टीचर", "न्यूली मॅरिड कपल". बोर्ड, बॅनर, बायोडाटा सगळीकडं ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि सुधारायला सगळ्यात सोपी पण हीच.

पण शेवटी एल-वाय दिसलं म्हणजे ते क्रियाविशेषणच असतं असं नाही. "फॅमिली" हे नाम आहे, म्हणून "फॅमिली-ओन्ड बिझनेस" ला हायफन लागतो. "फ्रेंडली" विशेषण आहे, तर "फ्रेंडली-लुकिंग वॉचमन". आणि "व्हेरी" लागलं की "अ व्हेरी वेल नोन शॉप" असं सगळं सुटं लिहितात.

"होममेड" बद्दल विचाराल तर ब्रिटिश पद्धतीत "होम-मेड" पण चालतं, अमेरिकन पद्धतीत जोडून. "हँडमेड" मात्र दोन्हीकडं जोडूनच. "शुगर-फ्री करदंट" ला हायफन पाहिजे.

5. "मराठी स्पीकिंग पीपल", "मराठी मीडियम स्कूल" यात हायफन कुठं?

आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येक निवेदनात हे शब्द असतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. "मराठी-स्पीकिंग पीपल", "मराठी-स्पीकिंग व्हिलेजेस" यात हायफन पाहिजे, कारण नाम आणि त्याला चिकटलेलं आयएनजीवालं रूप मिळून एक विशेषण झालंय. निपाणीबद्दल लिहिताना "टोबॅको-ग्रोइंग एरिया" तसंच.

"मराठी स्पीकर्स" ला मात्र हायफन नाही. तिथं "स्पीकर्स" हे नाम आहे आणि "मराठी" त्याच्या आधीचा साधा शब्द. लोक एकदा "मराठी-स्पीकिंग" शिकले की "मराठी-स्पीकर्स" पण लिहायला लागतात, तसं करू नका.

"मराठी-मीडियम स्कूल" ला नामाआधी हायफन द्या, पण "शी स्टडीड इन मराठी मीडियम" मध्ये नको, कारण प्रश्न 2 मधलंच. शाळेच्या अधिकृत नावात किंवा शिक्क्यात हायफन नसेल तर नाव लिहिताना ते आहे तसंच ठेवायचं. नाव सुधारायचा अधिकार आपल्याला नाही.

"नॉन-कन्नड स्पीकिंग" बद्दल प्रश्न 18 बघा, ते प्रकरण वेगळं आहे.

6. मराठीत आपण आई-वडील, मीठ-भाकरी असं लिहितो, मग इंग्रजीत "मदर-फादर" चालेल ना?

नाही चालणार. मराठीत द्वंद्व समासात "आणि" गाळून त्या जागी हायफन दिला तर चालतं, इंग्रजीत "अँड" लिहावं लागतं: "मदर अँड फादर", नाहीतर सरळ "पेरेंट्स". इंग्रजीत दोन नामं हायफननं जोडली की बहुतेक वेळा एकच माणूस किंवा एकच वस्तू दोन्ही आहे असा अर्थ होतो. "अ‍ॅक्टर-डायरेक्टर" म्हणजे जो अभिनय पण करतो आणि दिग्दर्शन पण. मग "मदर-फादर" चं काय होईल तुम्हीच बघा.

"पेरेंट-टीचर मीटिंग" चालतं, कारण तिथं ते दोन शब्द "मीटिंग" कुणाकुणात आहे ते सांगतात.

जाहिरातीत येतं ते "क्लार्क-कम-टायपिस्ट", "ड्रायव्हर-कम-प्यून", तिथं "कम" च्या दोन्ही बाजूंना हायफन द्यायचा. एका बाजूला देऊन दुसरीकडं सोडला तर वाक्य लंगडं दिसतं. आणि "हळू-हळू" सारखं "स्लोली-स्लोली", "स्मॉल-स्मॉल थिंग्ज" हे बोलण्यात आपण सगळेच करतो, लिहिताना टाळा, एकदाच लिहा.

7. "टेन इयर्स ओल्ड बॉय" की "टेन-इयर-ओल्ड बॉय"? आणि बायोडाटात अनुभव कसा लिहायचा?

नामाच्या आधी "अ टेन-इयर-ओल्ड बॉय", दोन हायफन, आणि "इयर" एकवचनी. नंतर आलं तर "द बॉय इज टेन इयर्स ओल्ड", हायफन नाही आणि "इयर्स" अनेकवचनी. मुलालाच नाम म्हणून "अ टेन-इयर-ओल्ड" म्हटलं तरी दोन्ही हायफन राहतात. "अ फाइव्ह-किलोमीटर वॉक", "अ थ्री-डे कॅम्प" हे सगळं त्याच साच्यातलं.

अनुभवाचं मात्र वेगळं आहे. "10 इयर्स' एक्सपीरियन्स" असं लिहायचं, इयर्सच्या एसनंतर वर अपॉस्ट्रॉफी, हायफन नाही, कारण इथं दहा वर्षांचा अनुभव असा षष्ठीचा अर्थ आहे. फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम केलेली पोरं बायोडाटात "10-इयर्स एक्सपीरियन्स" लिहितात, ते ना इकडचं ना तिकडचं. अपॉस्ट्रॉफीचा घोळ नको असेल तर "10 इयर्स ऑफ एक्सपीरियन्स" लिहा, काहीच अडचण नाही.

वजनमापांत एक बारीक गोष्ट आहे: युनिटची खूण लिहिली असेल, केजी, एमएम, केएम, तर हायफन नाही, फक्त जागा सोडायची. "अ 50 केजी बॅग". युनिट अक्षरात पूर्ण लिहिलं तर नेहमीचा नियम, "अ 50-किलोग्रॅम बॅग". हे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या नियमांतच सांगितलंय, त्यामुळं कास्टिंगच्या ड्रॉइंगवर किंवा कोटेशनमध्ये "12-एमएम रॉड" च्या जागी "12 एमएम रॉड" लिहा.

8. चेकवर, करारपत्रात रक्कम अक्षरी लिहिताना हायफन लागतो का?

एकवीस ते नव्याण्णव यांतल्या जोडआकड्यांना लागतो: "ट्वेंटी-वन", "फॉर्टी-फाइव्ह", "नाइंटी-नाइन". शंभर, हजार, लाख यांच्या आधी-नंतर नाही: "टू हंड्रेड अँड फॉर्टी-फाइव्ह". अपूर्णांकांना लागतो, "टू-थर्ड्स मेजॉरिटी".

9. प्री, सब, मल्टी, अन, ओव्हर असे उपसर्ग लागले की हायफन द्यायचा की नाही?

साधारण नियम असा की उपसर्ग शब्दाला सरळ चिकटतो: "प्रीपेड", "अनहॅपी", "ओव्हरलोडेड", "मल्टिनॅशनल", "सबकमिटी". हायफन खालच्या वेळी येतो.

पुढचा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू होत असेल तर: "नॉन-इंडियन", "अँटी-ब्रिटिश", "प्री-इंडिपेंडन्स". पुढं आकडा असेल तर: 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, त्याआधीचे कागद म्हणजे "प्री-1956 डॉक्युमेंट्स", आणि 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं, त्यानंतरचे "पोस्ट-2014 डॉक्युमेंट्स". दोन सारखे स्वर एकमेकांना भिडून वाचायला अवघड होत असेल तर: "अँटी-इन्फ्लमेटरी", "को-ओनर". आणि हायफन नसला तर दुसराच शब्द तयार होत असेल तर, ते प्रश्न 12 मध्ये आहे.

स्कॉलरशिपच्या फॉर्मवर "प्री-मॅट्रिक", "पोस्ट-मॅट्रिक" असं हायफन देऊनच असतं, तुम्ही पण तसंच लिहा.

10. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर "को-ऑपरेटिव्ह" आहे, पावतीवर "कोऑपरेटिव्ह". कुठलं ठेवू?

रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर जे आहे ते. भाषा म्हणून दोन्ही बरोबर, ब्रिटिश वळणाचे लोक "को-ऑपरेटिव्ह" लिहितात, अमेरिकन वळणाचे हायफन न देता. आपल्या कायद्यांच्या नावांत हायफन आहे: कर्नाटक को-ऑपरेटिव्ह सोसायटीज अ‍ॅक्ट, 1959, महाराष्ट्राचा 1960 चा, आणि दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या संस्थांना लागू होणारा मल्टी-स्टेट को-ऑपरेटिव्ह सोसायटीज अ‍ॅक्ट, 2002, त्यात तर "मल्टी-स्टेट" ला पण हायफन. उलट 2021 मध्ये केंद्रात जे सहकार मंत्रालय झालं त्याच्या इंग्रजी नावात, "मिनिस्ट्री ऑफ कोऑपरेशन", हायफन नाही. म्हणजे सरकारदरबारी पण दोन्ही चालू आहे.

बोर्ड, पावती, शिक्का, पासबुक सगळीकडं एकच रूप ठेवा. ठेवीदार ज्या कागदावर विश्वास ठेवतो त्यावर संस्थेचं नाव दोन तऱ्हेनं असणं बरं दिसत नाही.

आखूड रूप लिहिताना मात्र हायफन सोडू नका. "को-ऑप" मधला हायफन काढला तर इंग्रजीत तो कोंबड्यांच्या खुराड्याचा शब्द होतो.

11. "एक्स-सर्व्हिसमन" ला हायफन पाहिजेच का? आणि "सेल्फ" ला?

हो, दोन्हीला. माजी या अर्थाचा "एक्स" कायम हायफन घेतो: "एक्स-सर्व्हिसमन", अनेकवचन "एक्स-सर्व्हिसमेन", "एक्स-कॉर्पोरेटर". बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, इथं घरटी नाही तरी गल्लीत एखादा माजी सैनिक असतोच, पेन्शनच्या, पोरांच्या सवलतीच्या अर्जात हा शब्द येतोच येतो, तो नीट लिहा. फौजेतलंच अजून एक: "नॉन-कमिशन्ड ऑफिसर" ला हायफन, पण "ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर" ला नाही. "नॉन" हा उपसर्ग आहे, "ज्युनिअर" हा स्वतंत्र शब्द, फरक तेवढाच.

लॅटिनमधून जसेच्या तसे उचललेल्या शब्दप्रयोगांतला "एक्स" वेगळा, त्याचा अर्थ माजी असा नाही. "एक्स ग्रेशिया", "एक्स ऑफिशिओ" डिक्शनरीत सुटे असतात. 2019 च्या पुरानंतर नुकसानभरपाईच्या कागदांमुळं "एक्स-ग्रेशिया" बद्दल पुष्कळ जणांनी विचारलं होतं. सरकारी परिपत्रकांत हायफन दिसतो, तुमच्या अर्जात परिपत्रकातला शब्द तसाच उचलला तर काही बिघडत नाही.

"सेल्फ" पण असाच: "सेल्फ-अटेस्टेड", "सेल्फ-एम्प्लॉइड", "सेल्फ-हेल्प ग्रुप". महिला बचत गटांच्या इंग्रजी शिक्क्यात हा हायफन पुष्कळदा गळालेला असतो. "सेल्फिश", "सेल्फलेस" मध्ये नाही, कारण तिथं "सेल्फ" हा मूळ शब्द आणि पुढचा भाग प्रत्यय.

12. "री" ला हायफन दिला नाही म्हणून अर्थ बदलतो असं सरांनी सांगितलं, खरं आहे का?

अगदी खरं, आणि नोकरीच्या पत्रात तर हे महाग पडू शकतं. "आय वॉन्ट टू री-साइन" म्हणजे मला परत सही करायचीय, करार पुढं चालू ठेवायचाय. हायफन गेला की तोच शब्द "रिझाइन" होतो, म्हणजे राजीनामा! स्पेलिंग तेच, फरक फक्त त्या बारक्या रेघेचा. "री-कव्हर" म्हणजे सोफ्याला परत कापड चढवणं, हायफन नसला तर "रिकव्हर", वसूल करणं किंवा बरं होणं. "री-सेंट" म्हणजे परत पाठवलं, हायफन नसला तर "रिझेंट", मनात राग धरणं. मेलमध्ये "आय हॅव री-सेंट द फाइल" लिहिताना हायफन विसरू नका.

अर्थ बदलत नसेल तर जोडून: "रीप्रिंट", "रीबिल्ड", "रिन्यू". पुढं ई आला तर ब्रिटिश वळण हायफन देतं, "री-एंटर", "री-एक्झाम". अमेरिकेतली असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पण आधी देत होती, 2019 मध्ये त्यांनी असे दोन ई एकत्र आले तरी बरेच हायफन काढून टाकले. आपल्याकडं "री-एक्झाम" लिहिलेलं वाचायला सोपं जातं, मी तेच सुचवतो.

13. "सब-रजिस्ट्रार", "सब-इन्स्पेक्टर", "व्हाइस-चान्सलर" यांचं काय?

पदनामांत नियमापेक्षा त्या पदाचं कायद्यातलं रूप मोठं. 1908 च्या रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टमध्ये "सब-रजिस्ट्रार" हायफन देऊन आहे, मग खरेदीखताच्या इंग्रजी कागदात तसंच लिहायचं. राज्यघटनेच्या कलम 63 मध्ये "व्हाइस-प्रेसिडेंट", कलम 76 मध्ये "अ‍ॅटर्नी-जनरल". विद्यापीठाच्या पत्रात "व्हाइस-चान्सलर" बहुतेक हायफन देऊन असतं, त्यांच्या लेटरहेडवर बघून घ्या. "डेप्युटी कमिशनर" ला हायफन नाही, "डेप्युटी" हा उपसर्ग नाही म्हणून. "ऑल-इंडिया टूर" मध्ये हायफन, पण "ऑल इंडिया रेडिओ" हे आकाशवाणीचं आधीचं इंग्रजी नावच तसं होतं, त्यात नव्हता.

14. "फॉलो-अप", "पिक-अप", "लॉगिन" हे कधी जोडायचं कधी सोडायचं?

क्रियापद असेल तर सुटं, नाम असेल तर जोडलेलं. "प्लीज फॉलो अप" सुटं, "अ फॉलो-अप कॉल" हायफननं. "लॉग इन टू द पोर्टल" सुटं, "युवर लॉगिन" एकत्र. "वी विल पिक अप द पार्सल", पण बोर्डावर "पिक-अप अँड ड्रॉप". नाम जोडताना हायफन द्यायचा की एकच शब्द करायचा हे शब्दागणिक बदलतं, ते डिक्शनरीच सांगेल. "थँक यू" पण यातच धरा: म्हणताना सुटं, पण "अ थँक-यू कार्ड".

15. लग्नपत्रिकेत नाती कशी लिहायची?

"सन-इन-लॉ", "मदर-इन-लॉ" दोन हायफन, अनेकवचन करताना एस पहिल्या शब्दाला लागतो: "सन्स-इन-लॉ". "ग्रँडसन", "ग्रँडडॉटर", "स्टेपमदर" जोडून, "ग्रेट-ग्रँडसन" ला एक हायफन. खाली "वेल-विशर्स" लिहिता तिथं हायफन पाहिजे.

16. "टू- अँड थ्री-व्हीलर" मध्ये "टू" नंतर नुसता हायफन लोंबकळतो, हे चुकून छापलंय का?

नाही, बरोबर छापलंय. "टू-व्हीलर अँड थ्री-व्हीलर पार्किंग" मधला पहिला "व्हीलर" गाळला की त्याचा हायफन मागं राहतो, पुढं काहीतरी येणार आहे अशी खूण म्हणून. "प्री- अँड पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिप्स" तसंच. त्या लोंबकळत्या हायफननंतर जागा सोडायची, आधी नाही. गावच्या प्रिंटिंग प्रेसमध्ये हा हायफन "दुरुस्त" करून टाकतात, प्रूफ बघताना तेवढं सांगा.

17. "महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर" मध्ये हायफन की लांब डॅश?

छापील पुस्तक, प्रबंध असेल तर मधला डॅश, म्हणजे हायफनपेक्षा लांब आणि मोठ्या डॅशपेक्षा आखूड, त्याला एन डॅश म्हणतात. "ते", "आणि", "यांच्यातला" असा अर्थ असेल तिथं तो येतो: "महाराष्ट्र–कर्नाटक बॉर्डर", "लोंढा–मिरज लाइन", "1956–1960". पहिला भाग उपसर्गासारखा कापलेला असेल तर साधा हायफन, "इंडो-पाक", "अँग्लो-इंडियन". वर्तमानपत्रं आणि अर्जात सगळीकडं साधा हायफन वापरतात, चालतं.

"फ्रॉम" लिहिलं असेल तर पुढं डॅश नको, "फ्रॉम 1956 टू 1960" असं पुरं लिहा. मोबाइलवर हायफनचं बटण दाबून धरलं की लांब डॅश वर येतात, कॉम्प्युटरवर वर्डमध्ये कंट्रोल धरून आकड्यांच्या बाजूच्या कीपॅडवरचं वजा दाबायचं.

पत्त्यात "बेळगावी - 590001" असं लिहितात त्याला व्याकरणाचा नियम नाही, ती पद्धत आहे, नाही दिला तरी पत्र पोचतं.

18. "नॉन-कन्नड स्पीकिंग स्टुडंट्स" बरोबर आहे ना?

अर्धवट आहे. उपसर्ग फक्त "कन्नड" ला चिकटलाय आणि "स्पीकिंग" बाजूला पडलंय. किमान "नॉन-कन्नड-स्पीकिंग स्टुडंट्स" असे दोन्ही हायफन द्या. त्याहून चांगलं म्हणजे वाक्यच फिरवा: "स्टुडंट्स हू डू नॉट स्पीक कन्नड". उपसर्ग जेव्हा दोन सुट्या शब्दांच्या गटाला लावायचा असतो तेव्हा असं होतं, आणि कधी कधी अर्थ फार वाईट होतो. शाळांच्या प्रभातफेरीच्या बॅनरवर "अँटी-चाइल्ड लेबर रॅली" असतं, त्याचा शब्दशः अर्थ मुलांच्या विरोधातली मजुरांची फेरी असा लागू शकतो. "अँटी-चाइल्ड-लेबर रॅली" करा, नाहीतर 12 जूनच्या आंतरराष्ट्रीय दिवसाच्या नावात आहे तसं "अगेन्स्ट चाइल्ड लेबर" लिहा, सगळ्यात स्वच्छ.

"एक्स-चीफ मिनिस्टर" मध्ये पण हाच घोटाळा, मिनिस्टर आहेत आणि पूर्वी चीफ होते असं वाटू शकतं. औपचारिक पत्रात "फॉर्मर चीफ मिनिस्टर" लिहा.

19. एका डिक्शनरीत हायफन, दुसऱ्यात नाही, पोराच्या गाइडमध्ये तिसरंच. कुणाचं ऐकू?

एक डिक्शनरी धरा आणि एका कागदात तिचंच ऐका. आपल्याकडं शाळा-कॉलेज, कोर्ट, सरकारी कागद ब्रिटिश वळणाचे, त्यामुळं ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज सोयीची. कंपनी अमेरिकन असेल तर मेरियम-वेबस्टर. "नॉन-टीचिंग स्टाफ" ब्रिटिश, हायफनशिवाय अमेरिकन, एवढाच फरक, चूक कुणाचीच नाही.

हायफन काळाबरोबर गळत जातात हे पण लक्षात ठेवा. आजोबांच्या वेळच्या इंग्रजी पत्रांत "टु-डे", "टु-मॉरो" असं हायफन देऊन असायचं, आता कोणी देत नाही. 2007 मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीत साधारण 16,000 शब्दांचे हायफन काढले, "आइस क्रीम" सुटं झालं, "बम्बलबी" जोडून. "ई-मेल" चा हायफन असोसिएटेड प्रेसनं 2011 मध्ये काढला. "ई-केवायसी", "ई-कॉमर्स", "ई-तिकीट" मध्ये मात्र तो अजून टिकून आहे. त्यामुळं घरातली फार जुनी डिक्शनरी असेल तर मोबाइलवर नवी पण एकदा बघा. आणि परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकात जसं आहे तसंच लिहायला सांगा पोरांना, तपासणारे समोर तेच ठेवून तपासतात.

20. लग्नानंतर दोन्ही आडनावं लावलीत, मध्ये हायफन ठेवू का?

आवडीचा प्रश्न आहे, पण ताई, एकदा ठरवलं की आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडं तेच ठेवा. पासपोर्टच्या खालच्या बाजूला मशीननं वाचायच्या दोन ओळी असतात, तिथं हायफन छापता येत नाही, त्या जागी कोनासारखी भरण-खूण येते. ती चूक नाही, घाबरून दुरुस्तीचा अर्ज करू नका. ऑनलाइन फॉर्म कधी कधी नावात हायफन घेत नाही, तेव्हा तिथं जागा सोडून लिहा.

21. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की शब्दांच्या मधोमध हायफन येतात, ते कसले?

ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही म्हणून छपाईत तोडला होता, त्याचे ते हायफन. शब्दाचे नाहीत, कॉपी केल्यावर काढून टाका. पण सरसकट शोधून सगळे उडवू नका, नाहीतर "सेल्फ-अटेस्टेड" मधला खरा पण जाईल, एकेक बघून काढा. उलट तुमचा खरा हायफन ओळीच्या टोकाला येऊन शब्द दोन ओळींत फुटत असेल, आकडा किंवा नाव असेल तर ते फार वाईट दिसतं, तर वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट धरून हायफन दाबा, मग तो शब्द अखंड राहतो.